नर्गिसचे कांदे आणि विल्मॉटबाईंचं कर्ज

आज फुलांविषयी बोलायचं आहे, पण फुलांबरोबर पैशाविषयीही बोलावं लागेल. कारण ज्या बागेची गोष्ट सांगणार आहे, ती बाग जेवढी फुलली तेवढीच कर्जातही बुडाली.

गोष्ट इंग्लंडमधली आहे. लंडनच्या पूर्वेला एसेक्स नावाचा परगणा आहे. तिथे वॉर्ले प्लेस नावाचा एक मोठा वाडा होता, आजूबाजूला झाडी, उतार, कुरणं. तिथे राहत होत्या एलेन विल्मॉट. जन्म 1858 चा. वडील वकील, घरचं चांगलं होतं. त्यातून धर्मआई श्रीमंत. सातव्या वाढदिवसापासून दर वाढदिवसाला ती या मुलीला हजार पौंड द्यायची म्हणतात. त्या काळातल्या गड्याला जन्मभर राबून एवढे पैसे गाठीला बांधता आले नसते. असा पैसा आयता मिळत गेला की माणसाला खर्चाची सवय लागते, हिशेबाची लागत नाही. विल्मॉटबाईंचं पुढे तेच झालं.

पण आधी फुलं. तिकडे थंडी फार. झाडं उघडी पडतात, जमीन गोठते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन जरा वर आलं की गवतातून पिवळी फुलं डोकं काढतात. त्यांना डॅफोडिल म्हणतात. आपल्याकडे गाण्यांतून ज्याला नर्गिस म्हणतात, त्याच कुळातली ही फुलं. त्यांच्या आधी पांढरे स्नोड्रॉप आणि क्रोकस येतात. ही सगळी झाडं जमिनीखाली आपली शिदोरी बांधून ठेवतात. डॅफोडिलची शिदोरी म्हणजे अगदी आपल्या कांद्यासारखा कांदा. दिसायला कांदा, पण विषारी बरं का! चुकून भाजीत घालून लोक आजारी पडल्याचे प्रकार तिकडे घडलेले आहेत. ससे, हरणं मात्र शहाणी, ती त्याला तोंड लावत नाहीत.

हा कांदा लावायचा थंडीच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. कांद्याच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल खड्डा, टोक वर. मग तो थंडीत खाली पडून राहतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत मुळं धरलेली असतात. काही आठवडे चांगली थंडी लागली नाही तर त्याला नीट फूल येत नाही. म्हणून तर आपल्या उन्हाच्या मुलखात तो रुळत नाही. आपल्या परसातली रेन लिली बघा, तिचाही कांदाच असतो, पण तिला जागं करतो पाऊस. निशिगंधही कंदातूनच येतो, तो मूळचा मेक्सिकोचा, पण इथे इतका रमला की कुणी परका म्हणणार नाही.

फुलं गेली की खरं काम सुरू होतं, आणि तिथेच हौशी लोक चुकतात. पात वाळकी दिसते म्हणून कापून टाकतात. पण आपल्या शेतात कांद्याची मान पडेपर्यंत आपण थांबतो ना? हळदीचा पाला वाळल्याशिवाय काढणी करत नाही ना? तेच इथे. फुलानंतर दीड महिना तरी ती पात ठेवायची, तिनेच पुढच्या वर्षाचा कांदा पोसायचा असतो. गवतात डॅफोडिल लावले तर ते गवतसुद्धा तोवर कापायचं नाही.

गवतात, झाडाखाली, तळ्याकाठी अशी मोकळी फुलं लावायची पद्धत तिकडे रूढ केली ती विल्यम रॉबिन्सन नावाच्या माणसाने. हा आयर्लंडचा, पोरवयात बागेत गडी म्हणून लागला आणि पुढे मोठा लेखक-संपादक झाला. त्याच्या आधी श्रीमंतांच्या बागा म्हणजे रांगोळीसारखे वाफे. रंगीत रोपं काचघरात वाढवायची, उन्हाळ्यात मांडायची, हंगाम संपला की उपटून फेकायची. रॉबिन्सनला हा सगळा थाट नकोसा वाटे. 1870 मध्ये त्याचं ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक आलं. त्यातला विचार असा, की जी झाडं तिथल्या हवेत आपली आपण तगतात ती मोकळ्या जागी लावा आणि त्यांना त्यांचं वाढू द्या. पुढे ससेक्समध्ये ग्रेव्हटाय इथे त्याने स्वतःचा वाडा घेतला. 1897 मध्ये तिथल्या एका तळ्याच्या काठाने त्याने एक लाख डॅफोडिल लावले. म्हणजे लावून घेतले. एक लाख खड्डे खणणारे हात कुणाचे, ते आपण समजून घ्यायचं.

तळ्याकाठच्या लागवडीचं एक तंत्र आहे. कांदा पाण्यात बसला की सडतो. म्हणून डॅफोडिल काठाच्या वर, उतारावर, जिथून पाणी निथळून जातं तिथे. अगदी पाण्याला लागून, चिखलात, लावायचे ते पिवळे आयरिस आणि मार्श मॅरिगोल्ड. पाणी आणि उतार यांच्या मधल्या ओलसर पट्ट्यात प्रिम्युला. कांदे रांगेत लावायचे नाहीत. मूठभर उधळायचे आणि जिथे पडतील तिथे लावायचे, म्हणजे आपोआप उगवल्यासारखे दिसतात. तळ्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं, तेव्हा एकाच लागवडीत दोनदा फुलं मिळतात!

विल्मॉटबाईंना याच प्रकारच्या बागेचं वेड लागलं. वॉर्लेला त्यांनी मोठमोठे दगड आणवून डोंगरातल्यासारखी घळ बांधून घेतली, तिच्यातून पाणी खेळवलं. डॅफोडिलच्या नव्या नव्या जाती जमवल्या, तयार केल्या, त्यांना बक्षिसं मिळाली. बहीण रोझ लग्न होऊन स्पेचली इथे बर्कली घराण्यात गेली, तिथल्या बागेतही या दोघी बहिणींनी मिळून लावणी केली. 1890 मध्ये बाईंनी फ्रान्समध्ये बुर्जे तळ्याजवळ दुसरी बाग घेतली. पुढे इटलीत समुद्राकाठी तिसरी. चीनमध्ये नवी झाडं शोधायला जाणाऱ्या अर्नेस्ट विल्सनला पैसे दिले. त्याने पाठवलेल्या बियांतून आलेल्या एका निळ्या फुलाला बाईंचंच नाव मिळालं.

1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली, म्हणून बागकामातल्या साठ जणांना मानाचं पदक द्यायचं ठरलं. साठांत स्त्रिया किती? दोन. एक एलेन विल्मॉट, दुसऱ्या गर्ट्रूड जेकिल. पुढे 1904-05 च्या सुमारास लिनियन सोसायटीने, म्हणजे निसर्गशास्त्राच्या तिथल्या नामांकित मंडळाने, पहिल्यांदा स्त्रियांना सभासद करून घेतलं. त्या पहिल्या तुकडीतही विल्मॉटबाई होत्या.

अशा बाईने इतर बायकांसाठी दार उघडलं असेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. वॉर्लेला ऐन भरात शंभरावर माळी होते, पण त्यांत बाई एकही नाही. बायकांना त्या कामावर घेत नसत. माळ्यांना ठरावीक गणवेश, आणि वाफ्यात तण दिसलं तर नोकरी गेली, असा दरारा. दगडी घळ सांभाळायला स्वित्झर्लंडहून जेकब मौरर नावाचा जाणकार माळी आणला होता. तो पोराबाळांसह एका छोट्या घरात आणि तुटपुंज्या मजुरीवर वर्षानुवर्षं राबला. मला बाईंच्या ज्ञानाचं कौतुक आहे, पण हे वाचल्यावर कौतुकाला जरा आवर घालावा लागतो.

दार उघडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. केंट परगण्यात स्वॉन्ली इथे बागकामाचं विद्यालय होतं. 1891 पासून तिथे मुली शिकू लागल्या आणि काही वर्षांत ते फक्त मुलींचंच झालं. 1896 मध्ये लंडनच्या क्यू या सरकारी वनस्पती उद्यानाने स्वॉन्लीच्या अ‍ॅनी गल्विन आणि अ‍ॅलिस हचिंग्ज यांना कामावर घेतलं. अट अशी, की पुरुष माळ्यांसारखी तुमान आणि टोपी घालायची. त्यांच्याकडे पाहून पुरुषांचं कामातलं लक्ष उडू नये म्हणून! झालं उलटंच. तुमानीतल्या बायका बघायलाच लोक गर्दी करू लागले. त्या दोघी मात्र काम करत राहिल्या. महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा त्याच उद्यानात पुष्कळ बायकांच्या हातात कुदळी आल्या.

इकडे वॉर्लेत पैसा आटत चालला होता. बाईंनी बागांवर कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं काढलं. आपल्या बचत गटात कुणी असं करू लागलं तर शेजारची वही पुढे करून थांबवते. बाईंना थांबवणारं कुणी नव्हतं, किंवा त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. फ्रान्स आणि इटलीतल्या बागा विकल्या गेल्या. माळी एकेक करून कमी झाले. म्हातारपणी बाई फार संशयी झाल्या. डॅफोडिलचे कांदे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांनी तारा ताणून बार उडवणारे सापळे लावले होते, असं लिहून ठेवलेलं आहे. 1928 मध्ये लंडनच्या एका दुकानात चोरीचा आळ आला. खटला चालला, त्या निर्दोष सुटल्या. पण सत्तरीच्या बाईला ते किती लागलं असेल!

1934 मध्ये त्या गेल्या. देणी भागवायला वॉर्ले विकावं लागलं, 1939 मध्ये वाडा पाडला. आता ती जागा निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेकडे आहे. घराच्या जागी पडक्या भिंती आणि रान. पण डॅफोडिलचा कांदा जमिनीखाली पिल्लं धरतो, एकाचे चार होतात. त्यामुळे माळी नसतानाही दर वर्षी वसंतात ते उतार पिवळे होतात, आणि तेवढे दिवस लोक ते बघायला येतात.