तोल, वार्धक्यातील (गोवा)

तोल, वार्धक्यातील : उभे असताना वा चालताना शरीर पावलांच्या आधारावर सावरून धरण्याची क्षमता. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांधे यांतील संवेदनांचा मेळ लहान मेंदू घालतो. एक मार्ग दुबळा झाला, तर उरलेले दोन भरपाई करतात. दुसराही खुंटला की पडण्याचा धोका फार वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोकांचे प्रमाण गोव्यात सु. ११.२% असून राज्यांत केरळखालोखाल होते.

मधुमेह : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुरस्काराने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४%, तर गोव्यात सर्वाधिक, २६.४% आढळले. दीर्घ मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची टोके प्रथम झिजतात. मुंग्या येतात, बधिरपणा वाढतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. असा माणूस दिवसा डोळ्यांच्या भरवशावर चालतो. तोंड धुताना डोळे मिटले किंवा रात्री दिवा गेला की झोकांडतो. मोरित्झ रोम्बेर्ग (१७९५–१८७३) यांच्या नावाची चाचणी याच तत्त्वावर आहे : पाय जुळवून उभ्या रुग्णास डोळे मिटायला सांगतात.

अंतर्कर्ण : कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरल्यास कूस बदलताना अल्पकाळ घेरी येते. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एपली क्रियेने ती बहुधा थांबते.

दृष्टी : मोतीबिंदू, दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरीची कड धूसर दिसणे.

रक्तदाब व औषधे : उठल्यापासून ३ मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिमी.ने उतरल्यास भोवळ येऊ शकते. झोपेच्या, रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो.

मद्य : तोल बिघडवते.

परिसर : पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्या व अंगण शेवाळाने निसरडे होते. जुन्या घरांतील उंच उंबरठा आणि घरामागची न्हाणी रात्री अडचणीची ठरते. बधिर पायांना ओल जाणवत नाही आणि अंधारात ती दिसतही नाही. अनवाणी चालण्याने तळव्यांची जाण टिकते, असे काही मानतात. मधुमेह्यांना मात्र जखमेच्या भीतीने पादत्राणे घालण्याचा सल्ला देतात.

तपासणी व उपाय : खुर्चीतून उठून ३ मी. चालून परत बसण्यास लागणारा वेळ मोजतात. मांड्या व पोटऱ्यांचा व्यायाम, न्हाणीत कठडा आणि वाटेवर रात्रभर दिवा हे मुख्य उपाय होत.