सुताराची पेटी आणि चुलीत गेलेले फर्मे

इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, तोफा आणि फर्माने आठवतात. पटाशी कुणाला आठवत नाही. ज्या हातांनी गाडे, नांगर, दारे आणि खांब केले त्यांची हत्यारे कशी होती, ती कुठे ठेवली जात, कामाला लागणारी लहानसहान साधने कोण करत असे, हे आपल्या पुस्तकांत फारसे सापडत नाही. मला स्वतःला लाकूडकामाची हौस आहे. शिक्रापुरात घरामागच्या लहानशा खोलीत मी फळ्या, खुंट्या आणि खण करत असतो. हत्यारांना जागा शोधताना जे वाचले, पाहिले आणि विचारले, त्यातून हा लेख झाला.

आधी शब्दांकडे पाहू. सुताराची पेटी उघडली की तिच्यात तीन-चार भाषा एकत्र नांदताना दिसतात. रंधा हा फारसीतला ‘रंदा’. काटकोन तपासायचा गुण्या फारसीतून आला आणि फारसीत तो मूळ ग्रीक भाषेतून, कोन या अर्थाच्या शब्दापासून. वर्तुळ काढायचा परकारही फारसीच. फळीच्या कडेला समांतर रेघ ओढायच्या साधनाला हिंदी-उर्दू बोलणारे कारागीर खतकश म्हणतात. खत म्हणजे रेघ, कश म्हणजे ओढणारा. त्याच पेटीत वाकस आणि करवत हे आपले देशी शब्द शेजारी पडलेले असतात. जुने सुतार माप घेत ते गज आणि तसूत. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त गजाची ही चोवीस भागांतली विभागणी आहे आणि 72 प्रकारच्या लाकडांच्या वजनांची यादीही आहे. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी तसू हा शब्द म्हाताऱ्या सुतारांच्या तोंडी पुढे बरीच वर्षे राहिला. हे शब्द दरबारातून खेड्यात हुकमाने आले नाहीत. एका कारागिराने दुसऱ्याच्या हातातले साधन पाहिले, उचलले, आणि साधनाबरोबर नावही घरी नेले.

आता पेटीकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारांची व्यवस्था तपशिलाने आली आहे. सुतार हा पहिल्या ओळीतला बलुतेदार. शेतकरी लाकूड आणून देई, सुतार नांगर, कुळव, पाभर करून किंवा दुरुस्त करून देई आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा घेई. काम बरेचसे उघड्यावर, झाडाच्या सावलीत चाले. वाकस, करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या, दोरीने फिरवायचा सामता, एवढ्यात गावाची शेती चालत असे. हत्यारे मोजकी, म्हणून ठेवायला एक पेटी पुरे.

पण या व्यवस्थेचा खरा ठेवा पेटीत मावत नव्हता. तो भिंतीला टेकवलेला किंवा आढ्याला खोचलेला असे. तो म्हणजे फर्मे. बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण घ्या. मधला तुंबा, त्यात बसणारे आरे, कडेचे वक्र तुकडे आणि वरून लोहाराने चढवलेली लोखंडी धाव. कडेचा प्रत्येक तुकडा सारख्याच वक्रतेचा हवा. ही वक्रता सुतार दर वेळी नव्याने काढत नसे. पातळ फळीचा एक नमुना कापलेला असे, तो लाकडावर ठेवायचा, कोळशाने रेघ मारायची आणि तासायचे. पाभरीच्या फणांमधले अंतर, जुवाची लांबी, आऱ्याचा उतार यांसाठीही अशीच पट्टी किंवा खाच पाडलेली काठी. गावची जमीन, बैलांची उंची, पिकाची ओळ या सगळ्यांचा हिशेब त्या काठीत उतरलेला असे. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती वहीच होती.

या वहीचे पुढे काय होते ते पाहण्यासाठी थोडे दूर जाऊ. 1936 साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर दलदलीच्या जमिनीत नांगरट करताना एका शेतकऱ्याला ओक लाकडाची पेटी सापडली. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या पेटीत आणि तिच्या आसपास दोनशेहून अधिक वस्तू होत्या. करवती, कानशी, हातोडे. ती मॅस्टरमिरची पेटी म्हणून ओळखली जाते. इंग्लंडचे ‘मेरी रोज़’ हे लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडाले आणि 1982 मध्ये वर काढले गेले. त्यावरच्या सुतारांच्या पेट्याही सापडल्या. तिथे बरेचसे लोखंड गंजून संपले होते, पण चिखलात दबलेल्या लाकडी मुठी आणि रंध्यांची लाकडी अंगे टिकली. म्हणजे एका चिखलाने लोखंडही राखले, दुसऱ्याने निदान लाकूड तरी.

आपल्याकडे दोन्ही जाते. रबरी चाकांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आले, बलुते संपले, मुले कारखान्यात लागली. म्हातारा सुतार गेला की लोखंड भंगारात वजनावर विकले जाते. फर्मा मात्र कुणी विकतही घेत नाही. ती नुसती खाचा पाडलेली जुनी फळी. ती सरळ चुलीत जाते. पुण्यात दिनकर केळकरांनी घराघरांतून दिवे, अडकित्ते, कोरीव दारे जमवली आणि 1962 मध्ये त्यांचे संग्रहालय उभे राहिले, म्हणून त्या वस्तू आज पाहायला मिळतात. केलेली वस्तू जपायची असते हे आपण थोडेफार शिकलो. ती करण्याची रीत जपायची असते, हे अजून शिकायचे आहे.

तसे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे राष्ट्रपती झालेल्या या शिक्षकाच्या समितीने हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानला. सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही त्यात होते. आमच्या शिरूर तालुक्यात, शिक्रापूरहून जवळच असलेल्या पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला आणि हाताने काम करत शिकायचे, ही पद्धत त्याने खेड्यातल्या मुलांसाठी उभी केली. 2002 मध्ये तिथे एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब आली. अशा प्रयोगशाळेत संगणकावर काढलेला आकार यंत्र कापून देते आणि तोच आकार हजार मैलांवरचा माणूस पुन्हा कापू शकतो. फर्म्याची जागा फाइलने घेतली. फरक एवढाच की फाइलवर नाव, तारीख आणि माप असते.

घरच्या कामाच्या खोलीत मी हेच करू लागलो आहे. या पट्ट्यातल्या कारखान्यांत लाकडी पॅलेट आणि पेट्यांमधून माल येतो. ते पाइनचे लाकूड पुढे स्वस्तात मिळते. त्यावरचा शिक्का पाहून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटे तापवलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणू नये. या लाकडाची पट्टी पंचेचाळीस अंशांत उभी चिरली की दोन भाग होतात. एक भिंतीला ठोकायचा, दुसरा पटाश्यांच्या खाचांच्या फळीमागे. फळी भिंतीवर अडकते आणि हवी तेव्हा उचलून दुसरीकडे लावता येते. पावसाळ्यात पात्यांना तेलाचे बोट लावायचे आणि हत्यारे ओलसर भिंतीपासून दूर ठेवायची. कापताना लाकूड अडवायला एक साधी फळी पुरते: वर एका कडेला पट्टी, खाली दुसऱ्या कडेला पट्टी. खालची टेबलाला अडते, वरची लाकडाला अडवते.

आणि प्रत्येक साधनाच्या मागे पेन्सिलने लिहायचे: कशासाठी, कुठल्या मापाचे, कधी केले, कुणाकडून शिकलो.

तुमच्या गावात एखादा जुना सुतार असेल तर त्याच्याकडे नक्की जा. हत्यारे मागू नका, ती बाजारात मिळतात. आढ्याला खोचलेली ती फळी कशाची, एवढे विचारा. ती कागदावर ठेवून भोवती रेघ मारून घ्या आणि त्यावर त्याचे नाव लिहा. त्या नावाची नोंद दुसऱ्या कुठल्याच दप्तरात होणार नाही.