उत्तर तोंडाशी आलं तरी

तांब्याच्या उभ्या नळीतून चुंबक सोडायचा प्रयोग पुष्कळ विज्ञान केंद्रांत मांडलेला असतो. लोखंडाचा साधा तुकडा वरून सोडला की टपकन खाली पडतो. तेवढ्याच आकाराचा चुंबक मात्र रमतगमत उतरतो. शेजारी नुकताच रुजू झालेला इंटर्न उभा असतो. सातवीतली मुलगी नळीच्या तोंडाखाली ओंजळ धरून वाट बघते, तिच्या भुवया वर जातात, आणि ती काही बोलायच्या आत इंटर्न सांगून मोकळा होतो : ‘हा लेन्झचा नियम. नळीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो चुंबकाच्या गतीला विरोध करतो.’ वाक्यात चूक काढायला जागा नाही. मुलगी मान डोलावते आणि पुढच्या टेबलाकडे पळते.

ही प्रस्तावना त्या इंटर्नसाठी आहे, आणि त्याला हाताखाली घेणाऱ्या ज्येष्ठांसाठीही. विज्ञान संग्रहालयात लोकांशी बोलणं हा आता अभ्यासाचा विषय झाला आहे. त्याला इतिहास आहे, संशोधन आहे, जोरदार भांडणंही आहेत. त्यात शिरायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. उत्तर तोंडाशी आलं तरी जरा वेळ गप्प राहता आलं पाहिजे, आणि ते पदवीपेक्षा अवघड आहे.

जरा वेळ म्हणजे किती, याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७०च्या दशकात निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच सांगून टाकत. हा अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलांकडूनच प्रश्न येऊ लागले. तीन सेकंद! पण दालनात सहल शिरलेली असते, बाईंच्या हातात शिट्टी असते, ‘चला, पुढे चला’चा गजर चाललेला असतो, तेव्हा हे तीन सेकंद काढून दाखवावेत. ज्येष्ठांनाही जमत नाहीत.

त्या तीन सेकंदांत नळीपाशी काय घडू शकलं असतं? मुलगी बहुधा म्हणाली असती, ‘आत डिंक लावलाय.’ नवा इंटर्न हे उत्तर हसण्यावारी नेईल. खरं तर ते पडताळून पाहता येणारं अनुमान आहे, आणि पडताळायची सगळी सामग्री टेबलावरच आहे. डिंक असेल तर लोखंडाचा तुकडा का अडकत नाही? नळीत वरून डोकावून बघ, चुंबक भिंतीला चिकटून उतरतोय का? आणि मुळात चुंबक तांब्याला चिकटतो का? हा शेवटचा प्रश्न मोठ्यांनाही विचारून पाहावा. चिकटत नाही हे हातानं कळल्यावर गूढ कमी न होता वाढतं, आणि तिथून मुलगी हलत नाही. उभी चीर पाडलेली दुसरी नळी हाताशी असेल तर सोन्याहून पिवळं : तिच्यातून चुंबक बराच लवकर उतरतो, कारण नळीभोवती गोल फिरणाऱ्या प्रवाहाची वाट त्या चिरेनं तुटते. लेन्झचं नाव एवढं सगळं झाल्यावर सांगितलं तरी त्यांचा मान कमी होत नाही.

लोकांनी प्रयोगाला हात लावावा ही कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘उरानिया’त प्रेक्षक स्वतः बटण दाबून उपकरणं चालवत. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम, पॅरिसमध्ये १९३७ साली नोबेल विजेते झाँ पेराँ यांच्या पुढाकारानं उघडलेलं पॅले द ला देकुव्हेर्त, हे पुढचे टप्पे. पण दालनात उभ्या राहणाऱ्या तरुण माणसाला केंद्रस्थानी आणलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमनं, १९६९ साली.

त्याचे संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ. कम्युनिस्ट पक्षाशी पूर्वी असलेल्या संबंधांमुळे १९४९ साली त्यांना मिनेसोटा विद्यापीठ सोडावं लागलं आणि विद्यापीठांची दारं बंद झाली. कण-भौतिकीतला हा माणूस कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गुरं पाळू लागला आणि पुढे तिथल्याच शाळेत शिकवू लागला. या सक्तीच्या मास्तरकीतून त्यांचं संग्रहालय घडलं, असं मला वाटतं. त्यांनी दालनात तज्ज्ञ उभे केले नाहीत. हायस्कुलातली मुलं-मुली पगार देऊन नेमली आणि त्यांना ‘एक्सप्लेनर’ म्हटलं. गाईचा डोळा कापून त्यातलं भिंग लोकांच्या हातावर ठेवण्याचं काम ही पोरं करत. मुलं निवडताना विज्ञानातले गुण हा निकष नव्हता. ज्याला विषय नुकताच कळला आहे, त्याला न कळण्याची आठवण ताजी असते. प्राध्यापकाला ती उरलेली नसते.

आता मार्गदर्शनाबद्दल. माझ्या मते इथेच बहुतेक केंद्रं कमी पडतात. इंटर्न आला की त्याच्या हाती माहितीची फाइल द्यायची, दोन दिवस व्याख्यानं द्यायची आणि तिसऱ्या दिवशी गर्दीत सोडायचं. म्हणजे पाहुण्यांना व्याख्यान देऊ नकोस, हे त्याला व्याख्यानातून शिकवायचं! तो पुढे तेच करणार, दुसरं काय करणार?

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली उमेदवारीवर लिहिलेल्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथला शिकाऊ मुलगा कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी काजं-बटणं, हातशिलाई अशी शेवटची कामं करतो, मग शिवतो, आणि कात्री सगळ्यांत शेवटी हातात घेतो. तयार कपडा कसा असतो हे त्याला आधी कळतं आणि चूक झाली तर कापड वाया जात नाही. विज्ञान केंद्रातही हा उलटा क्रम लावता येतो. पहिले काही दिवस इंटर्ननं बोलूच नये. एका टेबलापासून चार हात लांब उभं राहून लोक आधी कशाला हात लावतात, कुठे थांबतात, कोण कोणाला काय सांगतं, हे टिपावं. मग उपकरण पुसावं, बिघडलं तर दुरुस्तीला मदत करावी. मग ज्येष्ठांच्या शेजारी उभं राहून एक प्रश्न विचारावा. संध्याकाळी ज्येष्ठांनी विचारावं, ‘आज काय पाहिलंस?’ आणि इथेही तीन सेकंद थांबावं.

समोरचा माणूस रिकाम्या हातानं आलेला नसतो, हेही अशा पाहण्यातूनच कळतं. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर इंग्लंडमधल्या कंब्रियात मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. काही आठवड्यांत ते उठतील, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. शेवटचे निर्बंध २०१२ साली उठले. अंदाज चिकणमातीवर बेतलेले होते आणि डोंगरावरची जमीन निराळी होती. ब्रायन विन यांनी तिथल्या मेंढपाळांच्या मुलाखतींतून दाखवलं, की जमीन, चारा आणि कळपाबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते कोणी विचारलंच नव्हतं. लोकांचं डोकं रिकामं आणि विज्ञानाचं भरलेलं, या समजुतीला तेव्हापासून मोठा तडा गेला. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र असो, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र असो की पुण्याच्या आयुकातलं मुक्तांगण, मुलांबरोबर आलेली आई मागे उभी राहते आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. इंडक्शनच्या शेगडीवर तांब्याचं पातेलं तापत नाही, हे तिला माहीत असतं. नळी आणि शेगडी, दोन्हींत धातूमधल्या प्रवाहांचाच खेळ आहे. मग चुंबकाला रोखणारं तांबं शेगडीवर थंड का, हा तिचा प्रश्न इंटर्नला भारी पडू शकतो. तेव्हा त्यानं ज्येष्ठांना हाक मारावी आणि तिघांनी मिळून विचार करावा.

या सगळ्याला विरोधही आहे आणि तो हलका नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली ठामपणे मांडलं, की नवख्याला अपुऱ्या मार्गदर्शनात सोडून दिलं तर तो गोंधळतो. सरळ समजावून सांगणं अधिक उपयोगी. त्यांचा रोख वर्गातल्या शिक्षणावर होता. संग्रहालयात परीक्षा नसते आणि दार उघडं असतं, त्यामुळे तो युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाही, असं माझं मत. तरी प्रश्नांवर प्रश्न विचारून पाहुण्याला रडकुंडीला आणणारे इंटर्नही असतात. कधी थांबायचं आणि कधी सांगून टाकायचं, यावर पुढच्या प्रकरणांचे लेखक एकमेकांशी सहमत नाहीत, आणि संपादनात ते मतभेद मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही.