फड पद्धत : बंधाऱ्यामागची माणसे

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपासून चालत आलेल्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीची ख्याती तिच्या दगडी बंधाऱ्यांमुळे झाली असली, तरी तिचे खरे बळ गावाला एका नियमात बांधून ठेवण्याच्या हातोटीत होते. यंत्र किंवा बांधकाम आणि ते चालवणारा समाज यांना वेगळे काढताच येत नाही, अशा रचनेला आज समाज-तांत्रिक व्यवस्था म्हणतात. ही संज्ञा रूढ झाली ती १९५१ मधील ब्रिटिश कोळसाखाणींच्या अभ्यासानंतर. खानदेश-बागलाणात तशी व्यवस्था त्याआधी कितीतरी पिढ्या नांदत होती.

तिची स्थापत्यरचना सांगायला फार शब्द लागत नाहीत. नदीला आडवा बंधारा घालून पाणी दोन ते बारा किलोमीटर लांबीच्या कालव्यात वळवले जाई, तेथून ते चाऱ्यांत आणि पुढे सारंगांत, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या लहान पाटांत उतरे, आणि जादा पाणी सांडमांवाटे बाहेर पडे. अवघड भाग त्यानंतरचा. ‘कायम बागायत’ म्हटले जाणारे भिजीचे क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले असे. कोणत्या फडाला पाणी द्यायचे आणि कोणता पडीक ठेवायचा हे गाव दरवर्षी ठरवी, आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. त्यामुळे सलग शिवाराची पाण्याची गरज सारखी राही आणि पाळी लावणे सोपे होई; पण आपल्या शेतात काय पेरायचे, हा शेतकऱ्याला सर्वांत प्रिय असलेला अधिकार त्यासाठी त्याला गावाच्या स्वाधीन करावा लागे. एवढी मोठी गोष्ट लोकांकडून वर्षानुवर्षे मान्य करून घेणे कोणत्याही बांधकामाहून कठीण होते.

पाणी शेतकरी स्वतः घेत नसे. सारंगाचे तोंड फोडणे, वाफा भरला की मातीने ते बुजवणे आणि पुढच्या शेताकडे वळणे हे पाटकऱ्याचे काम होते. त्याच्यावर हवालदाराची देखरेख असे, पिकाची राखण जागल्या करी आणि तंटा झाला तर पंच निवाडा देत. आज ज्यांना मृदू कौशल्ये म्हणतात, म्हणजे ऐकून घेणे, समजूत घालणे, निःपक्षपाती वागणे, ती येथे कोणाच्या स्वभावावर सोडलेली नव्हती, तर कामाच्या वाटणीतच मुरवलेली होती. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये : जमीन नसलेल्याला या पाण्यात वाटा नव्हता.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या आरंभकाळात याच पांझरेवर दातर्ती येथे नळाचा सायफन बांधला. पुढे पुणे भागात त्यांनी नीरा कालव्यावर जी ‘ब्लॉक पद्धत’ आणली, तिच्यातही ठरावीक क्षेत्र, पिकांची फेरपालट आणि उसाला मर्यादा हीच सूत्रे दिसतात. पाणी अधिक गावांपर्यंत पोहोचावे हा तिचा हेतू असला, तरी प्रारंभी तिला विरोध झाला. तो काही गणिताच्या चुकीमुळे नव्हता, आणि म्हणूनच तेथे आकडेमोड पुरेशी नव्हती; बागायतदारांना पटवणे हा अभियंत्याच्या कामाचाच भाग ठरला.

नंतरच्या काळात फडाच्या नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी व पंप वाढले आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाच्या शिस्तीची गरज उरली नाही. बंधारे पुष्कळ ठिकाणी शाबूत राहिले. ढासळली ती पंचांची सत्ता. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवणारा कायदा केला, तेव्हा पाणी मोजून संस्थेच्या हाती देण्याची तरतूद झाली. ते आपसांत कसे वाटून घ्यावे, यासाठी लागणारी पंचाची पत मात्र कोणत्याही कायद्याला देता येत नाही, ती गावालाच उभी करावी लागते.