मेगापिक्सेलचा आंकडा व चित्राची प्रत

खिशांत मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांपैकीं कोणता चांगला, हा प्रश्न या शतकाच्या पहिल्या दशकांत घरोघर विचारला जात असे. आणि त्याचें उत्तर बहुधा खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा आंकडाच देत असे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदू. हा आंकडा चित्राच्या प्रतीचें माप कसा होऊन बसला, हें आज पाहावयाचें आहे.

प्रारंभीं तें माप खोटें नव्हतें. अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं जो डिजिटल कॅमेरा सिद्ध केला, त्याचें चित्र १०० बिंदू रुंद व १०० बिंदू उंच असे, आणि तें कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० चें चित्रही ३२० गुणिले २४० बिंदूंचेंच. अशा वेळीं बिंदू वाढले कीं चेहरा ओळखूं येई! पुढें बिंदू वाढतच गेले. ते ज्यावर बसवावयाचे तो सेन्सर मात्र नखाएवढाच राहिला.

अंगण तेवढेंच ठेवून पावसांत परातींऐवजीं पेले मांडले, तर भांडीं वाढतात, पाऊस वाढत नाहीं. मुसळधारेंत पेलाही भरतो. रिमझिमींत मात्र एका पेल्यांत चार थेंब, शेजारच्यांत सात, असा विषमपणा उघडा पडतो. प्रकाशाचें तसेंच आहे. लग्नघराच्या मंद दिव्यांत काढलेल्या चित्रांत वधूच्या गालावर रंगीबेरंगी ठिपके दिसत, ते हा विषमपणाच होय. ते पुसण्यासाठीं कॅमेरा चित्र गुळगुळीत करी, आणि त्यासरशीं शालूची वीण व पापण्यांचे केसही पुसले जात. तीं लग्नें कांहीं पुन्हां लागावयाचीं नाहींत.

कॅननच्या पॉवरशॉट जी-१० मध्यें २००८ सालीं १४.७ मेगापिक्सेल होते. २००९ सालीं त्याच्या जागीं जी-११ आला, त्यांत अवघे १०! सेन्सर त्याच मापाचा, सुमारें ७.६ गुणिले ५.७ मिलिमीटर. चढाओढीच्या बाजारांत आंकडा खालीं आणण्यास धैर्य लागतें, असें मला वाटतें. फुजीफिल्मचा एफ-३१ एफडी हा २००६ सालचा कॅमेरा तर सुमारें ६ मेगापिक्सेलवरच थांबून अंधुक उजेडांत नांव मिळवून गेला होता. तथापि जी-१० वर अन्याय नको. भर उन्हांत तोच अधिक बारकावे टिपीत असे. म्हणून तुलना करणारानें एकाच जागेवरून, एकाच उजेडांत, दोन्ही चित्रें काढून तीं सारख्याच आकारांत छापावीं, आणि मग दिवे मंद करून पुन्हां तेंच करावें. पडद्यावर एकेक बिंदू फुगवून पाहणाऱ्या परीक्षकांच्या हातून अधिक बिंदूंच्या कॅमेऱ्यास नाहक कमी गुण पडत.

अखेर २०१२ सालीं सोनीनें आरएक्स-१०० मध्यें अंगणच मोठें केलें. त्या सेन्सरास ‘एक इंची’ म्हणतात. प्रत्यक्षांत त्याची लांबी १३.२ मिलिमीटर व रुंदी ८.८ मिलिमीटर आहे. हें नांव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील कांचेच्या नळीच्या बाहेरील व्यासावरून चालत आलेलें आहे. नळी गेली, इंच राहिला.