आधी अक्षर, मग जग?

प्रौढ शिक्षणाच्या बैठकीत 'जागतिक नागरिकत्व' हा शब्द निघाला की एक उत्तर हमखास येते. "अहो, मावशींना अजून एसटीची पाटी वाचता येईना, आणि तुम्ही त्यांना संयुक्त राष्ट्रसंघ शिकवणार?" सगळे हसतात आणि विषय पत्रिकेवरून उतरतो. या हसण्यामागे एक सिद्धान्त आहे, आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की त्याला कोणी सिद्धान्त म्हणत नाही. शिक्षण पायरीपायरीने चढायचे असते: आधी अक्षर, मग सही आणि हिशेब, मग आरोग्य आणि बँक, मग गाव, पुढे राज्य, देश, जग सगळ्यात वरच्या पायरीवर. मुलांना तिथवर चढायला आयुष्य पडले आहे. पन्नाशीतल्या नवसाक्षराची दमछाक तिसऱ्या पायरीवरच होणार, मग त्याला वरची पायरी दाखवायची कशाला?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हाच क्रम कागदावर उतरवला. जागतिक नागरिकत्व शिक्षणाची तरतूद अकराव्या प्रकरणात, म्हणजे उच्च शिक्षणाच्या भागात आहे. प्रौढ शिक्षणाचे प्रकरण एकविसावे. तिथे पाच गोष्टी सांगितल्या आहेत: पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण, निरंतर शिक्षण. जीवनकौशल्यांत पैशाचे व्यवहार, डिजिटल साक्षरता, आरोग्य, बालसंगोपन, कुटुंबकल्याण. यादी कामाची आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण पदवीच्या विद्यार्थ्याला जग आणि शेतमजूर बाईला बँकेची स्लिप, ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली, ते धोरण सांगत नाही. बाहेरही फार वेगळे नाही. शाश्वत विकासाचे ४.७ हे उद्दिष्ट 'सर्व शिकणाऱ्यां'विषयी बोलते. मोजणीची वेळ आली की राष्ट्रीय धोरण, अभ्यासक्रम, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन एवढेच मोजले जाते. संध्याकाळी समाजमंदिरात बसणारा वर्ग त्या मापात येतच नाही.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवे की पायऱ्यांचा हा आग्रह धरणारी माणसे आळशी नाहीत. त्यांनी वर्ग चालवले आहेत, कंदिलाच्या उजेडात चालवले आहेत. जागतिक नागरिकत्वाच्या नावाखाली त्यांच्यापुढे जे आले, ते म्हणजे पृथ्वीगोलाभोवती हात धरून उभी राहिलेली रंगीबेरंगी मुले, देशोदेशीचे पदार्थ आणि 'आपण सारे एक' असे गाणे. शिक्षण-अभ्यासक व्हनेसा आन्द्रेओत्ती यांनी २००६ सालीच या मवाळ प्रकारावर टीका केली होती: त्यात गरिबी दिसते, ती कोणामुळे हे दिसत नाही. असले शिक्षण नवसाक्षराच्या वर्गात नको, हे कार्यकर्त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. अमान्य आहे तो क्रम.

हा क्रम मोडणारे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्याला, चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. १९५० च्या दशकात तिथले बहुसंख्य काळे शेतकरी आणि मजूर निरक्षर होते. मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. इसॉ जेन्किन्स हा बेटावरचा माणूस बस चालवायचा; मजुरांना रोज शहरात कामाला न्यायचा. त्याच्या बसमधल्या एका बाईने त्याला गळ घातली की मला तेवढे वाचायला शिकव. तो गाडी चालवता चालवता लोकांकडून घटनेतली कलमे पाठ करून घेऊ लागला. पण पाठांतर म्हणजे वाचणे नव्हे, हे त्यालाही कळत होते.

बेटावर प्रौढांचे वर्ग आधी झाले नव्हते असे नाही. सरकारी पैशाने झाले होते आणि ओस पडले होते. दिवसभर राबून आलेल्या आडव्यातिडव्या बाप्यांना तिथे लहान मुलांच्या बाकांत कोंबून बसवत आणि मुलांच्याच पुस्तकातून शिकवत. माणसे दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी आली नाहीत. पहिली पायरी कुठली याची खात्री असलेल्यांनी ती पायरी अगदी नियमाने बांधली होती.

ऑगस्ट १९५४ मध्ये चार्ल्स्टनच्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क जेन्किन्सला टेनेसी राज्यातल्या हायलँडर लोकशाळेत घेऊन गेल्या. ही शाळा १९३२ साली माइल्स हॉर्टन यांनी काढली. त्याआधी ते डेन्मार्कमध्ये जाऊन तिथल्या लोकविद्यालयांची पद्धत पाहून आले होते. त्या उन्हाळ्यातल्या शिबिराचा विषय होता, संयुक्त राष्ट्रसंघ. शिबिराच्या शेवटी रिवाजाप्रमाणे विचारले गेले, घरी परत गेल्यावर काय करणार? जेन्किन्सने सांगितले की आमच्या माणसांना मत देता यावे म्हणून मला प्रौढांची शाळा हवी. पायऱ्यांच्या सिद्धान्ताला ही घटना कुठे बसवता येईल ते मला कळत नाही. जगाच्या चर्चेतून अक्षरांची शाळा निघाली. तीही अशा माणसाच्या डोक्यातून, ज्याच्याकडे अक्षराची गरज रोज बसमध्ये चढत होती.

शाळा ७ जानेवारी १९५७ रोजी सुरू झाली. पुढे सहकारी किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांच्या नजरेत यायला नको. जागा हायलँडरच्या कर्जातून घेतलेली. पहिल्या वर्गाला १४ जण. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, क्लार्क यांच्या नात्यातल्या, धंद्याने केशभूषाकार. प्रशिक्षित शिक्षिका मुद्दामच नको होती. आणि केशभूषाकार बाईचे गिऱ्हाईक काळ्याच बायका, त्यामुळे कोणी गोरा मालक तिची नोकरी काढून घेऊ शकत नव्हता. आधी त्यांनी बालवर्गाचे साहित्य आणले, मग ते बाजूला ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितले की मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू. आणि तुम्हाला काय शिकायचे आहे ते विचारले. उत्तरे साधी होती: सही करायची आहे, सैन्यातल्या मुलाला पत्र लिहायचे आहे, मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे, मत द्यायचे आहे. मग प्रत्येकाने आज शेतात काय केले ते सांगायचे, बाईंनी ते लिहून काढायचे, आणि तोच वाचनाचा धडा. गणित किराण्याच्या भावावर. सही गिरवायला पुठ्ठ्यावर लिहिलेले नाव. पासष्ट वर्षांच्या एका बाईंनी फळ्यावरच्या नावांतून स्वतःचे नाव ओळखले आणि बाईंच्या हातातली पट्टी घेऊन ते दाखवले.

इथवर आपल्या कोणत्याही चांगल्या कार्यकर्त्याला पटेल. पण त्याच खोलीच्या भिंतीवर रॉबिन्सन यांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लावला होता. हा वर्ग संपेपर्यंत तुम्हा प्रत्येकाला हा वाचता यावा आणि समजावा, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले.

भिंतीवरचा तो कागद शोभेचा असता तर त्याची दखल घ्यायचे कारण नव्हते. पण त्या वर्गात दोन मजकूर एकमेकांसमोर होते. एक राज्यघटना, ती वाचता आली तरच तू नागरिक, असे राज्य म्हणत होते. दुसरा जाहीरनामा; तुझे हक्क जन्माने आले, परीक्षेने नव्हे, असे तो सांगत होता. पहिला मजकूर पास होण्यासाठी शिकायचा होता. पहिल्याला जोखायला दुसरा हाताशी होता. घटनेतला उतारा नुसता पाठ करणारा माणूस मतदार होतो. मला हा उतारा का वाचायला लावतात, असे विचारणारा नागरिक होतो. आणि हे विचारण्यासाठी राज्याच्या बाहेरचा एखादा मापदंड लागतो. प्रौढांच्या वर्गात जगाचे काम एवढे आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून आहे.

पायऱ्यांचा सिद्धान्त तत्त्वज्ञानात नेणारेही आहेत. नागरिकत्व म्हणजे हक्क आणि कर्तव्य, आणि दोन्ही बजावायला राज्य लागते. जगाचे राज्य नाही, म्हणून जगाचा नागरिक हा पोकळ शब्द. राजकीय विचारवंत हाना आरेंटने तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सवरच्या निबंधात हेच मांडले: माणूस आपल्या देशाचा नागरिक असतो तसा जगाचा होऊ शकत नाही. गंमत अशी की हा निबंध प्रसिद्ध झाला १९५७ सालीच. पण १९५१ साली याच आरेंटने एकाधिकारशाहीवरच्या ग्रंथात लिहिले होते की ज्याला कोणतेच राज्य आपले म्हणत नाही त्याला आधी हक्क असण्याचा हक्क हवा. जॉन्स आयलंडवरची माणसे कागदोपत्री अमेरिकन होती, आणि त्यांच्या राज्याने त्यांना यादीबाहेर ठेवले होते. जगाचे नागरिकत्व पोकळ आहे, हे सांगणे त्यालाच परवडते ज्याचे देशाचे नागरिकत्व भरीव आहे.

आता दुसरा आक्षेप, की हे सगळे पाश्चात्त्य आयात. आणि मग लगेच, आमच्याकडे तर पृथ्वीला कुटुंब मानणारा श्लोक आधीपासून आहे, अशी पुस्ती. तो श्लोक पंचतंत्रात कुठे येतो ते पाहण्यासारखे आहे. चार मित्र परदेशी कमाईला निघतात. तिघे विद्वान, चौथा अडाणी पण शहाणा. वाटेत वाद निघतो की विद्या नसलेल्याला मिळकतीत वाटा द्यायचा का. तिसरा विद्वान तो श्लोक म्हणतो आणि अडाण्याला सोबत घेतले जाते. पुढे तिघे आपापल्या विद्येने मेलेल्या सिंहाला जिवंत करतात. चौथा थांबा म्हणतो, कोणी ऐकत नाही, तो झाडावर चढतो आणि तोच वाचतो. अडाण्याला जगात वाटा द्यायचा का, असा वाद शिकलेल्यांनी घालणे आपल्याकडे बरेच जुने आहे, एवढे यातून नक्की दिसते.

आयातीच्या आक्षेपाचे खरे उत्तर मात्र जाहीरनाम्यातच आहे. १० डिसेंबर १९४८ ला तो मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व 'पुरुष' असा शब्द होता. तो जाऊन सर्व 'मानव' आला त्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. त्या मुंबईच्या राजकारणात घडलेल्या, श्री. ना. दा. ठा. महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. कॅरोलायनाच्या त्या मागच्या खोलीत एका काळ्या बाईने लावलेल्या कागदाच्या पहिल्या ओळीत मुंबईच्या एका बाईचा हात होता. आणि त्याआधी पाऊणशे वर्षे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. कष्टकऱ्यांसाठी १८५५ साली रात्रशाळा काढणाऱ्या माणसाने हे पुस्तक धोंडीबाशी संवादाच्या रूपात लिहिले, आणि त्या धोंडीबाला थेट अमेरिकेच्या गुलामांशेजारी बसवले. धोंडीबाने आधी सातवी पास व्हावे, अशी अट त्यांनी घातली नाही.

मंडन करायचे तर आजच्या वर्गाबद्दल बोलले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी वेचणीवरून आलेल्या बायांचा वर्ग भरला आहे असे धरू. किलोवर मजुरी घेणाऱ्या या बायांना वजनाचा हिशेब तोंडी येतो, कागदावर येत नाही. त्यांना टक्केवारी शिकवायची आहे. पुस्तकात व्याजाचे उदाहरण असते. त्याऐवजी हे घ्यावे: बाहेरून येणाऱ्या रुईवर ११ टक्के आयात शुल्क होते. पन्नास हजारांच्या रुईवर किती झाले? साडेपाच हजार. अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि कापड उद्योग हवालदिल झाला, तेव्हा केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून आपले ११ टक्के उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये होता. शुल्क रुईवर, हमीभाव कापसावर. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तेहेतीस-चौतीस किलो, बाकी सरकी. हा फरक वर्गातल्या बायांना शिकवणाऱ्यापेक्षा चांगला माहीत असतो. इथे गणित आहे, वाचन आहे, आणि आपल्या मजुरीचा धागा कोणत्या दोन सरकारांच्या हातात आहे ते आहे. यातली जगाची पायरी काढून टाकली तर उरलेले उदाहरण सोपे होत नाही, अर्धवट होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली तेव्हापासून इकडच्या कापसाचा भाव समुद्रापलीकडे ठरतो आहे. तेजी का आली आणि १८६५ नंतर का कोसळली, हे त्या शेतकऱ्याला सांगायला कोणी गेले नाही, आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळाल्या.

केंद्राच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. मी चौथा विषय मागत नाही. त्याच तिन्ही विषयांतला मजकूर कुठून घ्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

एक आक्षेप उरतो, जो बैठकीत कोणी उघड बोलत नाही: असल्या वर्गात राजकारण शिरते. हा आक्षेप खरा आहे. सेप्टिमा क्लार्क यांनी काळ्यांच्या हक्क संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली. १९६१ पर्यंत टेनेसी राज्याने हायलँडरला कुलूप लावले. नागरिकत्वाच्या शाळा तोवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेल्या होत्या आणि दक्षिणेत पसरल्या. ज्या बाईला ११ टक्क्यांचे गणित येते ती ग्रामसभेत विचारणार की शुल्क उठवताना आमचा विचार कोणी केला का, आणि तिला उत्तर द्यावे लागणार. ते द्यायची तयारी नसेल तर वर्ग सहीपुरताच चालवावा. मात्र शिकणाऱ्याची कुवत कमी आहे असे कारण देऊ नये.