जोतिबाचा काळा पाषाण आणि सरकणारी भूमी

🧵 १/ चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि गुलालाखाली मंदिराचा काळा पाषाण दिसेनासा होतो. १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी उभारलेले हे मुख्य मंदिर बेसाल्टचे आहे. याच जातीच्या खडकाने विसाव्या शतकातील एका मोठ्या वैज्ञानिक वादात साक्ष दिली.

२/ १९१२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडवहनाचा सिद्धांत मांडला : सर्व खंड एकेकाळी जोडलेले होते, पुढे ते दूर सरकले. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडणारी ग्लोसोप्टेरिस ही वनस्पती आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही जीवाश्मरूपाने आढळते, ती याचमुळे.

३/ बहुतेक भूवैज्ञानिकांना हे पटले नाही. खंडांना जोडणारे भूसेतू समुद्रात बुडाले असावेत, असे त्यांचे उत्तर होते. शिवाय एवढी प्रचंड भूमी हलवणारी शक्ती कोणती, हे वेगेनर यांना सांगता आले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात त्यांचा मृत्यू झाला. सिद्धांत तेव्हाही उपेक्षितच होता.

४/ पुरावा मात्र दख्खनच्या पठारात दडलेला होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जाताना अधिकाधिक तिरपी होते. म्हणजेच खडक आपल्या जन्मस्थानाचा अक्षांश जपून ठेवतो.

५/ १९५१ मध्ये केंब्रिजचे विद्यार्थी टेड आयर्विंग यांनी दख्खनच्या बेसाल्टचे मोजके नमुने मागवले. ते जोतिबाचे नव्हते, पण याच लाव्हापठाराचे होते. त्यांतील चुंबकत्वाचा कोन आणि दिशा आजच्या भारताच्या स्थानाशी जुळेना. निष्कर्ष एकच निघत होता : हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता.

६/ १९५४ मध्ये केंब्रिजने आयर्विंग यांना डॉक्टरेट नाकारली. हा विषयच इतका नवा होता की त्याची पारख करणारे परीक्षक जवळपास नव्हतेच.

७/ पण मोजमापे थांबली नाहीत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने १९५६ मध्ये भारतीय खडकांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनीही दख्खन व राजमहालच्या लाव्हाखडकांवर काम केले. साक्ष तीच निघाली : भारत उत्तरेकडे सरकला आहे.

८/ न सुटलेला प्रश्न होता शक्तीचा. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी सागरतळ विस्तारतो, ही कल्पना मांडली. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तिला चुंबकीय आधार दिला. त्यासाठी वापरलेली मोजमापे हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची होती. १९६७-६८ पर्यंत या धाग्यांतून भूपट्ट विवर्तनिकीचा सिद्धांत आकारास आला.

९/ केंब्रिजने १९६५ मध्ये आयर्विंग यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही उच्च पदवी दिली. वेगेनर यांच्या वाट्याला हे समाधान आले नाही.

१०/ भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकतो आहे. एका चैत्र यात्रेपासून पुढच्या यात्रेपर्यंत जोतिबाचा डोंगरही तेवढाच पुढे गेलेला असतो.